आईचा अंगठा आणि अद्वैत

(निपाणीतल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

पत्रिकेत विषय मोठा छापलाय, अद्वैत: प्रेम, देह आणि रोजचं जगणं. वेळ पाऊण तास. अद्वैत म्हणजे दोन नाहीत, सगळं एकच, ते तुम्हाला सांगायला नको, कितीतरी जणांच्या घरात इंचगिरी परंपरेतल्या भाऊसाहेब महाराजांचा नाहीतर त्यांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराजांचा फोटो असणार.

निसर्गदत्त महाराज मुंबईत खेतवाडीत विडीचं दुकान चालवायचे. 1933 ला त्यांना सिद्धरामेश्वर महाराज भेटले, 1936 ला गुरू गेले, मग हे घरदार सोडून निघाले आणि काही महिन्यांनी परत येऊन दुकानात बसले. लोक त्यांचं ज्ञान सांगतात, मला ते परत येणं फार मोठं वाटतं. आणि विडी म्हटल्यावर आपल्या तंबाखूच्या निपाणीतल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो, वळली कुणी?

माझ्या आईनं वळल्यात, दिवसाला हजार. मांडीवर सूप, त्यात जर्दा म्हणजे विडीचा तंबाखू, पानं आदल्या रात्री भिजत घातलेली, ती कातरीनं कापायची, गुंडाळायची, दोरा बांधायचा आणि तोंड मिटवायचं अंगठ्यानं. कारखान्यात नेल्या की छाट निघायची, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, त्याचे पैसे नाहीत. त्याआधी तंबाखूच्या वखारीत होती, तिथला खकाणा, तंबाखूची धूळ, छातीत बसला तो बसलाच. पहाटे तिच्या खोकल्यानंच आम्ही उठायचो.

मी नववीत असताना गल्लीत प्रवचन होतं, देह मिथ्या ह्या विषयावर. आईला खोकला आवरेना. प्रवचन सांगणारे महाराज थांबले आणि म्हणाले, "माउली, खोकला देहाला आलाय, तुम्ही देह नव्हे, साक्षी व्हा." लोक हसले. परत खोकला आला तर कुणीतरी येऊन तिला बाहेर कट्ट्यावर बसवलं, मी पण तिच्याबरोबर बाहेर. देह मिथ्या तर खोकला पण मिथ्या, मग बाहेर कशाला काढलं? मला अजून राग येतो, आणि तो चुकीचा आहे असं मला वाटत नाही. आई परत कुठल्या प्रवचनाला गेली नाही, त्यावर एक शब्दही बोलली नाही.

त्या रात्री मी तिच्या अंगठ्याला खोबरेल चोळत बसले होते, भेगा होत्या, कळ यायची. चोळता चोळता तीच म्हणते, "तुझा हात भरून आला काय गं, ऱ्हाऊ दे की आता." दुखणं तिचं आणि चौकशी माझ्या मनगटाची. पुढं वाचलं बरंच, पण अद्वैत मला तिथंच कळलं.

सिद्धरामेश्वर महाराज स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण असे चार देह एकेक करून बाजूला सारायला सांगतात. बरोबर आहे. पण सारून झाल्यावर सगळं ब्रह्मच म्हणून परत जवळ घ्यायला पण तेच सांगतात, आणि आपण अर्ध्यातच उठून जातो, कारण दुसऱ्या अर्ध्यात कुणाच्या तरी अंगठ्याला तेल लावावं लागतं.

आज सकाळी घरात भांडण झालेल्यांनी हात वर करा बघू. अहो काका, अर्धाच हात काय वर करताय, काकू शेजारीच बसल्यात, त्यांनी पूर्ण केलाय!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. प्रेम राहिलंच की. अमृतानुभवाच्या पहिल्या प्रकरणात ज्ञानेश्वर माउली शिवशक्तीचं सांगतात, दोन ओठ पण बोल एक, दोन डोळे पण दृष्टी एक. ओठ दोनच राहतात हं, एकानं दुसऱ्याला गिळायचं नाही, नवराबायकोनं एवढं धरलं तरी पुष्कळ. आपले बेळगावजवळच्या बाळेकुंद्रीचे पंत महाराज शिक्षक होते, संसारी होते, त्यांनी अद्वैत प्रेमातनंच सांगितलं, पदं मराठीत केली आणि कन्नडमध्येही, तिथंही ओठ दोनच. त्यावर वेगळं बोलायला पाहिजे, आज होत नाही.

रोजचं जगणं एकाच गोष्टीत सांगते. शेवटी शेवटी रेशनच्या दुकानात मशीन आईचा अंगठा घेईना, विड्या वळून वळून रेषाच पुसलेल्या. दोनदा पुसून बघितला, पदराला घासून बघितला. कार्डावर घरातल्या कुणाचाही चालतो म्हणाले, मग मी लावला. तिथनं पुढं दर महिन्याला तिचे तांदूळ माझ्या अंगठ्यावर यायचे.