नकाशावरचे सत्तावन्न

एप्रिलमधल्या या पहाटे पाच वाजताच पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या, धक्क्यावर उजाडले आहे, कारण भारताची प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून ठरते ते इथून सुमारे १० अंश पश्चिमेला राहिले असून सूर्य घड्याळाच्या ४० मिनिटे आधी उगवतो. खलाशी दोर सोडतो, ओल्या दोराचे वेटोळे डेकवर पडते आणि बोट ईशान्येकडे वळते.

पुढे रिची द्वीपसमूह आहे. नील, हॅवलॉक, आउट्रम, निकोल्सन, विल्सन, पील, लॉरेन्स बंधू: इथला नकाशा वाचताना १८५७ चा उठाव मोडून काढणाऱ्या अधिकाऱ्यांची हजेरीच आपण घेत असतो. १० मार्च १८५८ रोजी कैद्यांच्या नव्या वसाहतीचे अधीक्षक डॉ. वॉकर २०० कैदी घेऊन अंदमानात उतरले, आणि त्याच महिन्यात सर ह्यू रोज यांच्या फौजेने झाशीला वेढा घातला. त्या रोजसाहेबांचे नावही नीलजवळच्या एका चिमुकल्या बेटाला मिळाले आहे.

नीलला २०१८ पासून शहीद द्वीप आणि हॅवलॉकला स्वराज द्वीप म्हणतात. नावे बदलण्याचे काम मात्र सरकारच्या कितीतरी आधी पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी सुरू केले होते. रामनगर, सीतापूर, लक्ष्मणपूर, भरतपूर अशी गावे वसवून साहेबाच्या बेटावर त्यांनी सगळे रामायणच मांडले. भरतपूरला ओहोटी लागली आहे. गुडघाभर पाण्यात प्रवाळाची तपकिरी टोके दिसतात आणि त्यांच्या खाचांतून बोटाएवढे निळे मासे आत-बाहेर करतात. नांगर पांढऱ्या वाळूवरच टाकला जातो, कारण प्रवाळात अडकलेला नांगर ओढला, तर कित्येक वर्षांची वाढ एका हिसक्यात मोडते.

दुपारी स्वराज द्वीप मागे पडते. उत्तरेकडच्या लॉरेन्स आणि आउट्रम बेटांवर वस्ती नाही. पाण्यापर्यंत उतरलेले जंगल आणि कांदळवन तेवढे आहे. १९९६ मध्ये या बेटांचा आणि भोवतालच्या समुद्राचा मिळून जो संरक्षित प्रदेश घोषित झाला, त्याचे नाव राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान. तांब्यांच्या मणिकर्णिकेने समुद्र पाहिला होता की नाही, कोण जाणे. पण लॉरेन्स आणि आउट्रम आता तिच्या हद्दीत आहेत.

उथळ पाण्यात तांडेल इंजिन बंद करतो. खाली समुद्रगवताचे कुरण आहे, अंदमानचा राज्यप्राणी असलेला डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, इथे चरायला येतो. बराच वेळ कोणी बोलत नाही. डुगाँग दिसत नाही. गवताची एक तुटलेली पात तेवढी बोटीच्या कडेने तरंगत जाते.