बोटाखालची ओळ

[पडद्यावर : तांब्याची तार, वेढे देणारे हात]

केजहून अंबाजोगाईला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे दुकान. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आहेत. व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात आणि इथं रांग लागते. जळालेली तार उपसायची, वेढे मोजायचे, नवी तार भरायची. कुठल्या स्लॉटमधून निघालेलं टोक कुठं जाऊन मिळतं, ते या २४ वर्षांच्या कारागिराला कागदावर बघावं लागत नाही.

आता बघा. गिऱ्हाइकानं नव्या स्टार्टरचं माहितीपत्रक पुढं केलंय. हात थांबले. बोट पहिल्या शब्दाखाली गेलं.

हे दृश्य आम्ही कापलेलं नाही. त्याला जेवढा वेळ लागला, तेवढाच तुम्हालाही लागेल.

[जुनी अंकलिपी, पाटी]

मराठी बोलतो तशीच लिहितो, असं आपण म्हणतो. पण ‘किडा’ लिहून बघा. वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र ‘क’च्या मागून. ‘सूर्य’मधला र आधी ऐकू येतो आणि बसतो ‘य’च्या डोक्यावर. म आणि भ, घ आणि ध यांच्यात फरक केवढा? तुटलेल्या शिरोरेषेचा आणि एका वळणाचा. बहुतेक लेकरं हे दुसरी-तिसरीपर्यंत नकळत पचवतात. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकताना येणारी अडचण, असलेल्या लेकराला अक्षराचा आवाज दर वेळी नव्यानं शोधावा लागतो. शब्दाचा शेवट गाठेपर्यंत सुरुवात निसटलेली असते.

आपला कारागीर असंच एक लेकरू. घरच्यांनी आधी त्याचे डोळे तपासून आणले. नंबर निघाला नाही. डोळ्यांचा दोष वाटणं साहजिक होतं. डिस्लेक्सिया हा शब्दसुद्धा १८८०च्या दशकात एका नेत्रतज्ज्ञानंच दिलाय, जर्मनीतल्या रुडॉल्फ बर्लिन यांनी. पण खोट डोळ्यांत नसते आणि बुद्धीतही नसते. मेंदूत अक्षराची आणि आवाजाची गाठ उशिरा बसते.

वर्गात उभं करून धडा वाचायला लावायचे. पोरं हसायची. आणि त्याच वयात हा सप्ताहात हरिपाठाला पुढच्या रांगेत, गळ्यात टाळ, हातात पुस्तक नाही. ऐकलेला अभंग दुसऱ्या दिवशी तोंडपाठ. माय सांगते, “डोस्कं लई तेज हाय ह्याचं. पुस्तक धरलं की गप व्हायचं लेकरू.”

[अंगण. पितळी परात, चाळलेली काळी माती]

सहावीत असताना गल्लीतल्या निवृत्त बाईंनी ही परात पुढं ठेवली. धूळपाटी. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात मुलं अशीच अक्षरं गिरवायची. बोटानं मातीत ‘क’ काढायचा, काढतानाच मोठ्यानं म्हणायचा. पुसायचा. पुन्हा काढायचा. मग चिंचोके मांडायचे. ‘सूर्य’ आला की आधी र मांडायचा, कारण तो आधी ऐकू येतो. मग य. मग र चे चिंचोके उचलून य च्या डोक्यावर रफार ठेवायचा.

बाई म्हणायच्या, “ऐकू येतं तिथून सुरू कर. जागेवर मागून बसव.”

लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला त्यांनी एक खिडकी कापली. पानावर ठेवली की एकच शब्द दिसायचा, बाकीचं पान झाकलेलं. तोच पुठ्ठा हा. कडा झिजल्यात, गणपतीची सोनेरी सोंड अजून आहे.

बोट, कान, जीभ आणि डोळे एकदम कामाला लावून शिकवण्याची ही रीत डिस्लेक्सियासाठी जगभर वापरतात. आपल्या घरात तर ती होतीच. प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत एक परात ठेवायला खर्च तो किती?

एकेका शब्दाला पाऊण पाऊण तास गेला. दोन पावसाळे हे चाललं. मग एका संध्याकाळी त्यानं एसटीची पाटी न अडखळता वाचली आणि बाईंना सांगायला पळत आला.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, डिस्लेक्सिया त्यातच मोडतो. प्रमाणपत्र हातात पडलं, दहावीला जादा वेळ मिळाला, पुढं आयटीआय झालं.

[रविवार. शटर अर्धं खाली, ओट्यावर तीच परात]

दर रविवारी चार-पाच लेकरं येतात. ही चौथीतली.

“दादा, हे कसलं अक्षर?”

“तूच सांग की. काय ऐकू यायलंय?”

ती ओठ हलवते. परातीकडं वळते. चिंचोके मांडते. र. मग य. तो तारेचं टोक हातात धरून बसलाय, बोलत नाही.

[निवेदन इथं थांबतं. पुढं फक्त मूळ आवाज.]