ली व्हॅन क्लीफ: नाक न बदललेला नट

१९५२ सालचा 'हाय नून'. नामावली सुरू होते आणि पडद्यावर पहिला चेहरा दिसतो तो एका गुंडाचा. सिगारेट ओढत तो साथीदारांची वाट बघत बसलाय. धारदार नाक, बारीक डोळे. अख्ख्या चित्रपटात त्याला एकही संवाद नाही. स्टेशनवर गाडीची वाट बघताना माउथ ऑर्गन वाजवतो, एवढंच. तरीही तो विसरला जात नाही.

हा ली व्हॅन क्लीफचा पहिला चित्रपट. न्यू जर्सीतल्या सॉमरव्हिलचा, १९२५ चा जन्म. दुसऱ्या महायुद्धात नौदलात, सुरुंग काढणाऱ्या जहाजावर. मग रंगभूमी. असं सांगतात, की निर्माता स्टॅन्ली क्रेमर त्याला मोठी, डेप्युटी मार्शलची भूमिका द्यायला तयार होता. अट एकच: नाकावर शस्त्रक्रिया करून घ्यायची. त्याने साफ नकार दिला. ती भूमिका लॉइड ब्रिजेसकडे गेली आणि याच्या वाट्याला मुका गुंड आला.

पुढची दहा-बारा वर्षं बहुतेक गुंडगिरीच. टीव्हीवर तेव्हा वेस्टर्न, म्हणजे काउबॉय-बंदुकांच्या मालिकांचं पेव फुटलं होतं. 'गनस्मोक', 'द रायफलमन', 'बोनान्झा'. एखाद्या भागापुरतं यायचं, धमकावायचं, निघून जायचं. जॉन फोर्डच्या 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स'मध्येही तो खलनायकाचा साथीदारच. हॉलिवूडने या माणसाचा फक्त चेहरा वापरला, त्याच्यातला नट कुणाला हवाच नव्हता, असं मला ठामपणे वाटतं. त्यात १९५८ च्या मोटार अपघातात गुडघा जबर दुखावला. कामं आटत गेली आणि तो चित्रं रंगवू लागला.

अशा वेळी इटलीचा दिग्दर्शक सर्जिओ लिओनी त्याला शोधत आला.

'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर', १९६५. क्लिंट ईस्टवुडच्या बरोबरीने उभा राहिलेला कर्नल मॉर्टिमर नीट बघा. वयाने मोठा, शांत, घाई नसलेला, बहिणीचं दुःख वर्षानुवर्षं पोटात ठेवणारा. तेच नाक आणि तेच डोळे. पण लिओनीचा कॅमेरा इतका जवळ जातो, की त्या डोळ्यांतला शोक आपल्याला दिसतो. लगेच पुढच्या वर्षी 'द गुड, द बॅड अँड द अग्ली', आणि त्यातला 'बॅड' तोच. मग 'डे ऑफ अँगर', 'सबाटा'. चाळिशी उलटल्यावर तो युरोपात स्टार झाला.

१९८४ मध्ये अमेरिकन टीव्हीवर 'द मास्टर' ही मालिका आली. शीर्षकातला मास्टर म्हणजे ली व्हॅन क्लीफ.