३२ प्रकाशवर्षांवरची भुसभुशीत धूळ

मित्रहो, दक्षिण आकाशात सूक्ष्मदर्शी नावाचा एक फिकट तारकासमूह आहे. त्यात एयू मायक्रोस्कोपाय हा लाल बटू तारा आहे. अंतर सुमारे ३२ प्रकाशवर्षं, वय दोन-अडीच कोटी वर्षं, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात अगदी कोवळं. त्याच्याभोवती धुळीची तबकडी आहे आणि ती आपल्याला बरोबर कडेकडून दिसते. त्या धुळीचे कण मायक्रॉनच्या घरातले, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे. आणि तरी आज आपण सांगू शकतो की ते कण आतून ९० टक्क्यांहून अधिक पोकळ असावेत. हे कसं कळलं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी एक गोष्ट तुम्ही स्वतः करून बघा. संध्याकाळी सूर्य मावळायच्या वेळी पोलरॉइडचा गॉगल घेऊन गच्चीवर जा. त्याच्या एका काचेतून थेट डोक्यावरचं आकाश बघा आणि गॉगल सावकाश फिरवा. आकाश काळवंडेल, पाव फेरी झाली की पुन्हा उजळेल. सूर्याकडून निघालेल्या प्रकाशाचं कंपन सगळ्या दिशांना सारखंच असतं. पण हवेच्या रेणूंवर आपटून तो काटकोनात वळला, की त्यातली मुख्यतः एकच कंपनदिशा शिल्लक राहते. अशा प्रकाशाला आपण ध्रुवीकृत म्हणतो. ताऱ्याचं आणि धुळीचंही तसंच. ताऱ्याकडून थेट आलेला प्रकाश जवळजवळ अध्रुवीकृत, धुळीवरून विखुरलेला ध्रुवीकृत. आमचा सगळा कारभार या एका फरकावर चालतो.

अडचण अशी की तारा धुळीपेक्षा हजारो, कधी लाखो पटींनी तेजस्वी असतो. हवेमुळे त्याचा प्रकाश थरथरतो, पसरतो, आणि प्रतिमेत ताऱ्याभोवती ठिपक्यांचं एक कडं तयार होतं. धूळ त्यात बुडून जाते. मग काय करायचं? आलेला प्रकाश वोलास्टन प्रिझममधून सोडायचा. त्याचे दोन झोत होतात, एकात आडवं कंपन, दुसऱ्यात उभं. दोन्ही प्रतिमा एकाच क्षणी, त्याच हवेतून आलेल्या. ताऱ्याचा प्रकाश दोन्हींत सारखा वाटला जातो, ते त्रासदायक ठिपकेसुद्धा. एकीतून दुसरी वजा केली की तारा जातो आणि धूळ उरते. पुढे प्रिझमच्या आधी बसवलेली अर्धतरंग पट्टिका, म्हणजे प्रकाशाची कंपनदिशा वळवणारी पारदर्शक चकती, ४५ अंशांनी फिरवायची. ध्रुवीकृत भागाची दोन झोतांत अदलाबदल होते, उपकरणाचे दोष मात्र जिथल्या तिथे राहतात, म्हणून तेही वजा करता येतात. चिलीत पारानालच्या ८.२ मीटर दुर्बिणीवर २०१४ पासून स्फीअर नावाचं उपकरण हे काम करतं. त्यातला एक कॅमेरा दोन कंपनदिशांमधली अदलाबदल सेकंदाला सुमारे हजार वेळा करू शकतो.

उरलं ते धूळच आहे कशावरून? त्याचीही कसोटी आहे. तबकडीतल्या कुठल्याही जागेवरची कंपनदिशा त्या जागेपासून ताऱ्याकडे जाणाऱ्या रेषेला सहसा काटकोनात हवी. नकाशावर या छोट्या रेघा काढल्या की त्या ताऱ्याला वळसा घालून उभ्या राहतात. मला हा नकाशा फार आवडतो, कारण त्यात बनवाबनवीला जागाच नाही.

वाटेतली धूळ मात्र घोळ घालते. १९४६ मध्ये चंद्रशेखरांनी असं मांडलं होतं की उष्ण ताऱ्यांच्या कडेचा प्रकाश ध्रुवीकृत असला पाहिजे. तो शोधायला हिल्टनर आणि हॉल हे खगोलशास्त्रज्ञ निघाले आणि १९४९ मध्ये त्यांच्या हाती भलतंच लागलं: ताऱ्यांच्या दरम्यानच्या अवकाशातले लांबट कण आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात एका रांगेत वळलेले असतात आणि त्यांच्यातून येणारा प्रकाश थोडा ध्रुवीकृत होतो. आम्हाला हा वाटा मोजून काढून टाकावा लागतो. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा इथे थेट संबंध आहे. तिथे नव्वदच्या दशकात इमपोल हा ध्रुवणमापक, म्हणजे ध्रुवीकरण मोजणारं उपकरण, तयार झाला. क्रीट आणि दक्षिण आफ्रिकेतल्या वेधशाळांसाठी वालोप ही उपकरणं बांधायचं कामही आयुकाकडेच आलं. आकाशाच्या मोठ्या भागातल्या या आंतरतारकीय धुळीचा नकाशा काढणं हे त्यांचं उद्दिष्ट.

आता पुन्हा एयू मायक्रोस्कोपायकडे. ग्रॅहम, कलास आणि मॅथ्यूज यांनी हबल दुर्बिणीतून तिथलं ध्रुवीकरण मोजलं आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. ताऱ्यापासून २० खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य हे अंतर) ते सुमारे ५ टक्के होतं आणि बाहेर जाता जाता ८० एककांवर सुमारे ४० टक्क्यांपर्यंत चढलं. एवढ्यावरून वाटेल की कण अतिसूक्ष्म, मायक्रॉनहूनही बरेच बारीक असणार, कारण अतिसूक्ष्म कणच इतकं जोरदार ध्रुवीकरण करतात. पण तबकडीच्या उजेडाची वाटणी दुसरंच सांगत होती. हे कण बहुतांश प्रकाश पुढच्या दिशेला फेकत होते, आणि ते काम अतिसूक्ष्म कणांचं नव्हे, मोठ्या कणांचं. नेहमीच्या पदार्थांचे भरीव गोल कण घेऊन गणित केलं, तर दोन्ही गोष्टी एकदम जमेनात. जमलं ते पिंजलेल्या कापसासारखा कण धरल्यावर, ज्यात ९१ ते ९४ टक्के रिकामी जागा आहे. असा कण आकाराने मोठा, म्हणून प्रकाश पुढे फेकतो. पण तो बारीक तुकड्यांचा बनलेला, म्हणून ध्रुवीकरणही भरपूर करतो.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं अनुमान. ही धूळ मोठ्या वस्तूंच्या टकरींतून सतत नव्याने तयार होते. त्या वस्तू फार मोठ्या असत्या, तर कण दाबले जाऊन घट्ट झाले असते. म्हणून लेखकांनी हिशेब केला की त्या जास्तीत जास्त काही डेसिमीटरच्या, म्हणजे वीतभर वा थोड्या मोठ्या असाव्यात. ग्रहबांधणीची सुरुवात कण कणाला अलगद चिकटून होते असं प्रयोगशाळा सांगते, आणि तिथे बनणाऱ्या पुंजक्यांची पोकळीही एवढीच निघते. हा निष्कर्ष प्रतिमानावर, म्हणजे गणिती मॉडेलवर उभा आहे, तो निर्विवाद आहे असं मी म्हणणार नाही. कणाचा आकार आणि पोकळी यांचे परिणाम एकमेकांत मिसळतात. ते वेगळे करायला अनेक रंगांत, अनेक कोनांत मोजमाप हवं.

म्हणूनच जेम्स वेबसारख्या दुर्बिणीवर ध्रुवीकरण मोजायची सोय ठेवली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नासाच्या रोमन दुर्बिणीच्या कॉरोनाग्राफमध्ये, म्हणजे ताऱ्याचा झगझगाट झाकणाऱ्या उपकरणात, ती ठेवली आहे. २०२० मध्ये याच एयू मायक्रोस्कोपायभोवती ग्रह सापडल्याचं जाहीर झालं. धूळ आणि ग्रह एकाच ताऱ्याशी, तेही इतक्या जवळ, असा योग क्वचितच मिळतो. कॉरोनाग्राफची वेळ मागायची झाली, तर माझा पहिला अर्ज याच ताऱ्यासाठी असेल.