चौदा गोळ्या

(दृश्य: इंदूरचा दवा बाजार, सकाळ. हातगाडीवर चढणारी खोकी.)

दवा बाजारात दिवस सुरू होतो तो खोक्यांच्या चढ-उतारानं. या खोक्यांत डॉक्सिसायक्लिन असतं, अ‍ॅझिथ्रोमायसिनही असतं. दोन्ही जुनी, ओळखीची औषधं. क्लॅमिडिया, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा एक जंतुसंसर्ग, झाला तर यांतलं कोणतं घ्यायचं, हा आपला आजचा प्रश्न.

परमा (गनोरिया), गरमी (सिफिलिस) ही नावं मराठीत केव्हापासून आहेत. क्लॅमिडियाला मात्र नाव नाही. नाव पडायला आजार दिसावा लागतो, आणि हा बहुतेक बायकांमध्ये दिसतच नाही. कधी थोडा स्राव, कधी लघवीला जळजळ. 'अंगावरून जातंय, जाईल आपोआप' म्हणून तेही सोडून दिलं जातं. जंतू मात्र गर्भाशयातून बीजनलिकांपर्यंत चढू शकतो. तिथे व्रण राहिले, तर पुढे मूल होणं अवघड होतं, किंवा गर्भ नळीतच रुजतो.

(दृश्य: रामबागेतलं जुनं घर. फळीवर औषधांचा डबा.)

समजा, अशाच एका घरातल्या सुनेच्या तपासणीत क्लॅमिडिया निघाला. इथे सासूबाईंची बीपीची गोळी, मामंजींची शुगरची, सगळं एकाच डब्यात. कोण कशाची गोळी घेतं, ते घरभर ठाऊक.

अ‍ॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, एकदाच. दवाखान्यातच गिळलं की झालं. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, ७ दिवस. म्हणजे चौदा वेळा कुणाच्या ना कुणाच्या देखत पाण्याचा पेला उचलायचा.

बरीच वर्षं दोन्ही औषधं बरोबरीची मानली जात. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं डॉक्सिसायक्लिनला पहिली पसंती दिली. गुदाशयातल्या संसर्गावर अ‍ॅझिथ्रोमायसिनचा एक डोस कमी पडतो, आणि बायकांमध्ये योनिमार्गाबरोबर तिथेही संसर्ग असू शकतो, कुणाच्या लक्षात न येता.

आपल्याकडे 'सुरक्षा क्लिनिक' या लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यांतून वर्षानुवर्षं करड्या रंगाचं किट दिलं गेलं: अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. तपासणीची सोय नसली, तरी लक्षणांवरून परमा आणि क्लॅमिडिया दोन्हींवर एकदम इलाज. त्या किटला मी नावं ठेवणार नाही. जिला पुन्हा येणं जमणार नाही, तिच्यासाठी डॉक्टरांसमोर गिळलेला डोस लाखमोलाचा. पण जिला सात दिवस जमतील, तिला डॉक्सिसायक्लिनच मिळायला हवं. म्हणून चिठ्ठी लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. दिवस राहिलेत का? राहिले असतील तर डॉक्सिसायक्लिन नको, अ‍ॅझिथ्रोमायसिन द्यायचं. आणि दुसरा, जो फार क्वचित विचारला जातो: बाई, या गोळ्या घरी ठेवता येतील ना तुम्हाला?

(दृश्य: पाण्याचा भरलेला पेला. खिडकीतलं ऊन.)

डॉक्सिसायक्लिनची गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. लोहाची गोळी किंवा आम्लपित्ताचं औषध त्याच वेळी घेऊ नये. उन्हात कातडी लवकर भाजते, डोक्यावरून पदर हवा.

आणि चौदा गोळ्या तिच्या, तशा नवऱ्याच्याही. दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध नकोत. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. कारण बरी झालेली बाई पुन्हा आजारी पडते, ती बऱ्याचदा नवऱ्यानं औषध घेतलेलं नसतं म्हणून.