खुंटीला बांधलेलं जंतुनाशक

(दृश्य: नागपूर, मेडिकल चौक. सकाळची वेळ, दातांच्या ओपीडीपुढची रांग.)

"डॉक्टर, हा दात तर भरला होता ना? मंग पुन्हा कसा दुखून राहिला?"

दातांच्या दवाखान्यात अर्धा दिवस बसा, हा प्रश्न कानावर येतोच. आज तो विचारताहेत इतवारीहून आलेल्या एक मावशी. काही वर्षांपूर्वी त्यांनी दाढेत 'सिमेंट' भरून घेतलं होतं. चांदी नको, दाताच्या रंगाचंच भरा, हा आग्रहही त्यांचाच.

(दृश्य: छोट्या आरशात दिसणारी दाढ. कडेला काळी रेघ.)

नीट बघा. भरलेलं जागच्या जागी आहे. कीड लागलीय ती त्याच्या कडेला.

या सिमेंटात सिमेंट नसतंच. ते असतं प्लास्टिक, बारीक काचेच्या भुकटीनं कणखर केलेलं. त्यातल्या मुख्य रेझिनचं, म्हणजे लगद्याच्या चिकट कच्च्या मालाचं, पेटंट अमेरिकेत राफाएल बोवेन यांना १९६२ साली मिळालं. डॉक्टर निळा लाईट मारतात तेव्हा मऊ लगद्यातले सुटे रेणू एकमेकांना धरून साखळ्या करतात. जवळ आले की जागा कमी लागते, आणि भराव साधारण २ ते ३ टक्के आकसतो. दाताच्या भिंतीपासून तो कुठेतरी सुटतो. ही फट आपल्याला दिसत नाही, पण स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स नावाच्या जंतूला ती ऐसपैस होते. किडलेल्या दातांतून तो १९२४ साली पहिल्यांदा वेगळा काढला गेला. साखर खायची आणि आम्ल सोडायचं, एवढाच त्याचा धंदा. पीएच (आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) ५.५च्या आसपास आला की दाताचं खनिज विरघळू लागतं. मग साखर संत्रा बर्फीतली असो की दिवसाच्या पाचव्या चहातली.

गंमत म्हणजे ज्या चांदीला मावशी नाही म्हणाल्या, तिच्यावर जंतूंना इतकं सहज बस्तान बसवता येत नाही. प्लास्टिकवर त्यांचा थर जास्त जमतो. पण त्या चांदीत पारा असतो, आणि पाऱ्याला आळा घालणाऱ्या २०१३च्या मिनामाता या जागतिक करारानं तिचा वापर कमी करायला सांगितलंय. तेव्हा मागे जायची सोय नाही. प्लास्टिकलाच जंतू मारायला शिकवावं लागणार.

पहिला उपाय कुणालाही सुचेल असा: लगद्यात औषध मिसळा. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक मिसळून पाहिलं, चांदी या धातूचे बारीक कण मिसळून पाहिले. औषध झिरपतं, जंतू मरतात, आणि काही दिवसांनी साठा संपतो. वर औषध निघून गेलेल्या जागा पोकळ राहिल्या की भराव कमजोर होतो तो वेगळाच.

दुसरा उपाय ओसाका विद्यापीठातला. सातोशी इमाझातो आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली एक रेणू मांडला, एमडीपीबी. त्याच्या एका टोकाला प्लास्टिकच्या साखळीत अडकणारा आकडा, दुसऱ्या टोकाला धन विद्युतभार असलेलं जंतुनाशक, आणि मधे १२ कार्बनांची दोरी. लाईट मारला की आकडा साखळीत गुंततो. जंतुनाशक खुंटीला बांधल्यासारखं तिथेच राहतं, झिरपून जात नाही. जंतूच्या अंगावर ऋण भार असतो. तो जवळ आला की ओढला जातो, आणि त्याचं आवरण फाटतं.

(दृश्य: काचेच्या बशीत वाढवलेले जंतू, मधोमध प्लास्टिकची चकती.)

इथे प्रयोगशाळेतला एक घोळ सांगायलाच हवा. जंतुनाशक तपासायची जुनी रीत अशी: बशीत जंतू पसरायचे, मधे चकती ठेवायची, भोवती रिकामं कडं पडलं की पास. पण कडं पडतं ते औषध झिरपलं तर. बांधलेलं औषध हलतच नाही, मग कडं कुठून येणार? या परीक्षेत चांगला पदार्थही नापास होतो. म्हणून वेगळी रीत वापरतात: जंतूंचा थेंब पृष्ठभागावर ठेवून वरून पातळ फिल्म झाकायची, ३५ अंशांवर २४ तास ठेवायचं, आणि मग जिवंत किती उरले ते मोजायचं.

तोंडात मात्र बशीसारखी शांतता नसते. काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर दातावर आणि भरावावर बसतो, आणि त्याखाली तो धन भार झाकला जातो. मेलेले जंतूही तिथेच पडून राहतात, पुढचे त्यांच्या पाठीवर बसतात. एमडीपीबीचं रसायन बाजारात आलंय, पण त्याचा खरा जोर लाईट मारण्याआधी असतो. खोदलेल्या खड्ड्यात उरलेसुरले जंतू ते तेव्हाच गाठतं. 'कायमचं जंतुरोधक' असं डब्यावर वाचलं की आम्ही जरा थांबतो.

(दृश्य: धंतोली. एकाला लागून एक दवाखान्यांच्या पाट्या.)

झिरपणं प्रत्येक ठिकाणी वाईट असतं असंही नाही. कृत्रिम सांधा बसवताना वापरायच्या हाडांच्या सिमेंटमध्ये, तेही प्लास्टिकच, १९७०च्या सुमारास जर्मनीत बुखहोल्झ यांनी जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळलं. तिथे धोका मोठा असतो तो सुरुवातीला, त्यामुळे औषध लवकर बाहेर आलेलंच बरं. लघवीसाठी रुग्णाला घालतात त्या नळीचं गणित आणखी वेगळं. कवळीवर तर जंतूंपेक्षा कॅन्डिडा या बुरशीचा त्रास जास्त. एकच प्लास्टिक सगळीकडे चालेल, ही आशा सोडलेली बरी.

आणि खर्रा खाणाऱ्यांचं काय? सुपारी-तंबाखूच्या त्या मिश्रणानं आखडलेलं तोंडच दोन बोटं उघडत नसेल तर आत भरायला हात जाणार कसा? तो वेगळा माहितीपट.

(दृश्य: निळा प्रकाश. मावशींनी डोळे मिटलेले.)

जुनं काढलं, कड साफ केली, नवं भरलं. मावशी बाहेर येतात, चौकातल्या टपरीवर थांबतात. "भाऊ, एक चहा. साखर कमी." जीभ सारखी नव्या दाढेवर फिरतेय, खडबडीत लागतंय का बघायला. लाळेचा थर तोवर बसलेला आहे.