तीर्थनचा ट्राउट आणि घरामागचा पऱ्या

श्रोतेहो, नमस्कार.

संगमेश्वर तालुक्यात, बाव नदीच्या खोऱ्यात माझं गाव. घरामागून एक पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, वाहतो. मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आमच्या वाडीतली माणसं रात्री बॅटऱ्या, पाग म्हणजे फेकायची जाळी आणि टोपल्या घेऊन त्या पऱ्यात उतरतात. मी पहिल्यांदा उतरलो तो सातव्या वर्षी, आजोबांचा हात धरून. गळ टाकायलाही त्यांनीच शिकवलं. बांबूची काठी, दोरा, गरी आणि केळीच्या बुडाशी उकरून काढलेलं गांडूळ, एवढ्यावर माझी पन्नास वर्षं आनंदात गेली. तीन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झालो आणि हिमाचल प्रदेशात, तीर्थन नदीवर, ट्राउट हा थंड पाण्यातला मासा धरायला गेलो. आज त्या नदीबद्दल बोलायचं आहे. पऱ्याकडे मी परत येईनच.

रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेसनं दिल्ली आणि तिथून मनालीच्या रात्रीच्या बसनं औट. औटच्या बोगद्याच्या अलीकडे उतरायचं आणि बंजारचा रस्ता धरायचा. तीर्थन लारजीला सैंज नदीला मिळते आणि दोघींचं पाणी बियासमध्ये जातं. लारजीपासून वर वर जात गुशैनी गाठलं की दरी अरुंद होते. त्यापुढे पायवाट. एका बाजूला देवदार, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या गोट्यांवरून धावणारं निळसर पाणी. आणखी वर ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान लागतं. २०१४ साली ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आम्ही उद्यानाच्या हद्दीच्या अलीकडेच थांबलो. मत्स्य विभागाचा परवाना खिशात होता. त्याच्याशिवाय तिथे गळ टाकता येत नाही.

एप्रिलचा महिना होता. पाण्यात थर्मामीटर धरला तर ९ अंश. ट्राउटचं सगळं आयुष्य या आकड्यावर टांगलेलं आहे. पाणी जितकं थंड तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि ३० अंशांना तोच साडेसातवर येतो. ट्राउटला भरपूर प्राणवायू लागतो. पाणी २० अंशांच्या वर गेलं की तो खाणं सोडतो, पंचविशीपुढे त्याचा जीव जातो. मला गावात पुष्कळ जण विचारतात, "गुरुजी, आपल्या नदीत सोडूया का ट्राउट?" मे महिन्यात आमच्या कोंडातलं, म्हणजे डोहातलं, पाणी तिशीला टेकतं. तिथे तो एक दिवस काढणार नाही. आणि काढू शकला असता तरी मी सोडू दिला नसता. हिमालयातही तो पाहुणाच आहे. ब्राउन ट्राउट युरोपचा, रेनबो ट्राउट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा. इंग्रज साहेबांना गळाचा शौक, म्हणून १९०० साली स्कॉटलंडहून आलेली अंडी काश्मिरात उबवली गेली आणि १९०९ च्या सुमारास ट्राउट कुलूच्या नद्यांत पोचला. तिथला मूळचा मासा असेला. त्याच्या घरात हा शिकारी येऊन राहिला, हे ट्राउटवर कितीही प्रेम असलं तरी विसरून चालत नाही.

आता फ्लायबद्दल, म्हणजे ट्राउटच्या गळाला बांधायच्या खोट्या माशीबद्दल सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. आपल्या गळाला आमिष असतं आणि शिशाचं वजन असतं. त्या वजनानं दोरा लांब जातो. फ्लायला वजनच नाही. बारीक गरीवर कोंबड्याच्या मानेचं पीस, सशाचे केस, मोरपिसाचा एखादा तंतू दोऱ्यानं गुंडाळून केलेली ती खोटी माशी. फुंकर मारली तर उडेल. मग ती तीस फुटांवर जाते कशी? वजन लाइनमध्ये असतं. जाड, निमुळती लाइन मागे हवेत पूर्ण उलगडू द्यायची, ती ताणली गेल्याचं रॉडमधून हाताला कळतं, आणि त्याच क्षणी पुढे. घड्याळाच्या १० आणि १ या दोन आकड्यांमध्ये रॉड फिरतो. दोन दिवस माझी माशी मागच्या झुडपात अडकत होती. माझा वाटाड्या तिथलाच, पस्तिशीचा, मला गुरुजी म्हणणारा. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं रॉड माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "गुरुजी, पहले बैठ जाओ. नदी को देखो."

आम्ही तासभर एका दगडामागे बसलो. त्या तासानं मला जे दिलं ते पन्नास वर्षांत मिळालं नव्हतं.

ट्राउट धारेकडे तोंड करून उभा असतो. पाणी खाणं घेऊन येतं, त्याला फिरावं लागत नाही. पण भर धारेत उभं राहिलं तर दमछाक होईल. म्हणून तो मोठ्या दगडाच्या आडोशाला, जिथे वेगाचं आणि संथ पाणी एकमेकांना घासतं त्या शिवेवर थांबतो. म्हणजे माणसानं खालून, त्याच्या पाठीकडून जायला हवं. शिवाय वाकून. विहिरीत बुडी मारून ज्यांनी वर पाहिलंय त्यांना ठाऊक आहे: डोक्यावर उजेडाचा एक गोल दिसतो आणि त्याच्या भोवती पाणी आरशासारखं असतं. माशाला वरचं जग त्या गोलातूनच दिसतं. काठावर उभा माणूस त्या गोलाच्या कडेला दिसतो, बसलेला माणूस फारसा दिसत नाही. आम्ही कोंडाच्या वर उभे राहून हाका मारत गळ टाकणारी माणसं, आमच्या सावल्या पाण्यावर पडलेल्या! मासे का पळतात हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग वाटाड्यानं पाण्यातला एक गोटा उचलून उलटा केला. त्याच्या पोटाला चिकटलेले, तीन शेपट्यांचे, तांदळाएवढे चपटे किडे. त्यांच्या शेजारी वाळूचे कण जोडून केलेल्या इवल्या नळ्या, आणि प्रत्येक नळीत एक अळी. पहिली मेफ्लायची पिल्लं, दुसरी कॅडिसची. मेफ्लाय पाण्याखाली कित्येक महिने काढते, मग पंख घेऊन वर येते आणि एखाद-दोन दिवसांत अंडी घालून मरते. त्या पंखवाल्या जन्मात तिला खाता येईल असं तोंडही नसतं. ती वर येते तेव्हा ट्राउट तिला टिपतो. आपली खोटी माशी त्या वेळच्या खऱ्या माशीसारखी दिसली पाहिजे आणि पाण्याच्याच चालीनं वाहिली पाहिजे. लाइन वेगाच्या धारेत सापडून माशीला ओढू लागली, पाण्यावर नुसती रेघ उठली, तरी मासा तोंड फिरवतो.

दुपारी तीनच्या सुमारास एका दगडामागे पाण्यावर वर्तुळ उठलं. मी गुडघ्यांवर सरकत गेलो. पहिली फेक आखूड पडली, दुसरी बरोबर. माशी वाहत आली, दगडाच्या आडोशाला जरा रेंगाळली आणि नाहीशी झाली. रॉड वाकला. वीतभर ब्राउन ट्राउट होता, पाठ तपकिरी, अंगावर काळे ठिपके आणि मधूनमधून फिकट कडा असलेले लाल. आनंदानं मी त्याला धरायला हात पुढे केला आणि वाटाड्या ओरडलाच. हात कोरडे होते. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याचं रोगापासून रक्षण करतो. कोरड्या हातानं तो निघून येतो. मासा पोहत जातो, पण पुढे बुरशी लागून मरू शकतो. मी हात पाण्यात बुडवले. गरीला उलटा काटा नव्हता, ती अलगद निघाली. मग त्याला धारेकडे तोंड करून दोन तळव्यांत धरलं. कल्ले उघडत मिटत होते. एका क्षणी त्यानं शेपटी हलवली आणि माझे तळवे रिकामे झाले.

हिमाचलात नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते. त्या काळात ब्राउन ट्राउटची मादी शेपटीनं खडीत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून खडी लोटते. अंडी खडीखाली थंड पाण्यात वाढतात. म्हणून खडी उपसली की पुढच्या वर्षीचा मासाही गेला. या नदीवर छोटे वीजप्रकल्प येणार होते. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि गावकरी उच्च न्यायालयात गेले आणि ते रोखले. आज तीर्थन मोकळी वाहते. परतीच्या गाडीत माझ्या मनात हाच विचार: परक्या माशासाठी एवढी शिस्त आहे, आणि आमच्या माशांसाठी?

पहिल्या पावसात धारेविरुद्ध वर चढणाऱ्या, चढणीच्या माशांचं कालवण कोकणात कुणाला आवडत नाही? मळ्ये, खवळे, शेंगटी, वाम. लहानपणी आई मासे साफ करायची तेव्हा प्रत्येकाच्या पोटात गाभोळी, म्हणजे अंडी. आम्ही तिच्यावर तुटून पडायचो. ते मासे चढतातच मुळी अंडी घालायला, शेतातल्या आणि पऱ्यातल्या उथळ पाण्यात. एका रात्रीत आम्ही टोपलीभर मासे आणायचो, म्हणजे त्या वर्षाची सगळी पैदास आणायचो. हे मी केलं आहे, माझ्या आजोबांनी केलं आहे. त्यांच्या काळी वाडीत पाग दोन होते. आता चढणीच्या रात्री पऱ्यावर पन्नास बॅटऱ्या चमकतात. उन्हाळ्यात आटलेल्या कोंडात ब्लीचिंग पावडर टाकतात. पूर्वी रामेठा, गेळ ही रानातली झाडं ठेचून टाकत, तेही विषच, पण या पावडरीनं गोट्याखालचा किडाही उरत नाही. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका बंद असतात, हे ६१ दिवस आपल्या बंदरांना पाठ आहेत. मग त्याच जूनमध्ये पऱ्याला एक आठवडा का नसावा?

आपल्याकडे राखणीची रीत नाही असंही नाही. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले मोठाले महाशीर वरदायिनी देवीचे मानले जातात. लोक त्यांना खाऊ घालतात, पण धरत कुणी नाही. याच जातीला आपण खडस किंवा खडशी म्हणतो. १८३९ साली कर्नल साइक्सनं या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नावात आपला मराठी शब्दच घेतला, खुद्री. सह्याद्रीतला हा मासा फ्लायही घेतो. ट्राउटसाठी जीव टाकणाऱ्यानं एकदा वाळणकोंडाच्या काठावर उभं राहून पाण्यात पाहावं.

हिमाचलहून आल्यावर डिसेंबरात मी आमच्या पऱ्यातला एक गोटा उलटा केला. तीन शेपट्यांचे किडे होते. वाळूच्या नळ्या होत्या. मी तिथेच बराच वेळ बसून राहिलो.

गेल्या वर्षी पऱ्याच्या त्या एका आठवड्याबद्दल वाडीत बोललो. सगळे कबूल झाले नाहीत, तीन घरं झाली. पाणी अडवायला मातीची पोती रचून केलेल्या आमच्या वनराई बंधाऱ्याची पोती पावसाआधी कुणी काढत नसे, त्यामुळे मासे तिथेच अडायचे आणि पागात सापडायचे. मेअखेर आम्ही पोती काढली आणि जिथे उंच धार पडते तिथे गोटे रचून पायऱ्यांसारखी चढण केली. मिरगानंतर पाचव्या दिवशी रात्री पाऊस कोसळला. मी आणि माझी नात छत्री घेऊन गेलो. बॅटरीच्या उजेडात एक मळ्या खालच्या गोट्यावर उसळला, मागे पडला, पुन्हा उसळला आणि वरच्या पाण्यात गेला. त्याच्यामागे दुसरा. नात म्हणाली, "आजोबा, उजेडानं घाबरतील ना?" आणि तिनं बॅटरी विझवली. मग फक्त पाण्याचा आवाज होता, आणि अधूनमधून कातळावर शेपटी आपटल्याचा.

नमस्कार.